छाटीचा अधिकार : गोंडी भाषासामग्री आणि श्रमाचे नियमन

माघ पौर्णिमेच्या सुमारास गोंदिया जिल्ह्यातील सालेकसा तालुक्यात, कचारगडच्या गुहेकडे जाणाऱ्या वाटेवर, अनेक राज्यांतील गोंड समाज एकत्र येतो. दरेकसा स्थानकावर उतरून डोंगराच्या दिशेने निघालेल्या ह्या समुदायात भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला जे ऐकू येते ते एखाद्या सर्वेक्षणाच्या नकाशासारखे असते. उत्तरेकडील व पश्चिमेकडील गोंडी बोलींत शब्दारंभीचा जो 'स' टिकून आहे, त्याच्या जागी दक्षिण-पूर्वेकडे 'ह' येतो, आणि आणखी पुढे तो 'ह'ही गळून पडतो. मीठ ह्या अर्थाच्या शब्दाची 'सोवर', 'होवर', 'ओवर' अशी रूपे नोंदली गेली आहेत. यात्रेकरूंना ह्या भेदाचे काही वाटत नाही. एकमेकांचे बोलणे समजून घेत ते डोंगर चढतात. प्रमाण गोंडी कोणती, हा प्रश्न तेथे कोणी कोणाला विचारीत नाही. तो प्रश्न जेथे विचारला जातो आणि ज्याच्या उत्तरावर कोणाची तरी मजुरी अवलंबून राहू शकते, ते स्थळ आज निराळेच आहे. यंत्राला भाषा शिकविण्याच्या उद्योगात भाषेचा प्रत्येक नमुना स्वीकारला तरी जातो वा नाकारला तरी जातो. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नियमनाची चर्चा करणाऱ्यांनी ह्या नाकारण्याकडे आजवर फारसे लक्ष दिलेले नाही.

गोंडी भाषा दुसऱ्याच्या उपयोगासाठी उतरवून घेण्याचा इतिहास जुना आहे, आणि त्याचा एक धागा कचारगडाशीच जोडलेला आहे. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांच्या मृत्यूनंतर त्यांचे कागद रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली प्रसिद्ध केले. त्यांत लिंगोचे दीर्घ गोंडी गीत आहे. त्या गीतात 'काचीकोपा लोहागड' ह्या स्थळाचा उल्लेख येतो, आणि ते स्थळ म्हणजे कचारगड अशी गोंड समाजातील धारणा मोतीरावण कंगाली यांच्या लेखनाने दृढ केली. हे गीत एका परधानाच्या तोंडून उतरवून घेतलेले आहे. ग्रंथावर हिस्लॉपांचे नाव आहे, टेंपल यांचे आहे. ज्याने शेकडो ओळी मुखोद्गत सांगितल्या त्या परधानाची ओळख मात्र 'एक परधान' एवढीच उरली. वस्तुतः परधान हा गोंड समाजाचा वंशपरंपरागत गायक. बाना वाजवून देवकथा सांगणे हे त्याचे काम, आणि त्याबद्दल यजमान घराण्यांकडून त्याला ठरलेले दान मिळे. ह्या दानाला उपकार समजण्याचे कारण नाही. तो त्याचा हक्क होता आणि देणाऱ्यालाही तो मान्य होता. म्हणजे सांगणाऱ्याच्या श्रमाचे मोल ठरविणारी एक व्यवस्था गोंड समाजात होतीच. कथा छापील पुस्तकात गेली आणि ती व्यवस्था बाहेरच राहिली. ग्रिअर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाच्या १९०६ सालच्या चौथ्या खंडातही नमुन्याशेजारी प्रदेशाचे नाव असते. बोलणाऱ्याचे सामान्यतः नसते. भाषाशास्त्राने अशा माणसाला 'निवेदक' हे नाव दिले. ह्या संज्ञेत माहिती आहे, श्रम नाही. आणि विद्यापीठांतील भाषाशास्त्र विभागांनी ती विनातक्रार वापरली, हेही येथे मान्य करावयास हवे.

आता अलीकडच्या प्रयत्नांकडे पाहावे. गोंडीसाठी संगणकीय साधने तयार करण्याच्या उपक्रमांचा एक अहवाल २०२० साली भाषिक साधनसामग्रीविषयीच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत सादर झाला. शब्दकोश, मुलांच्या गोष्टींचे अनुवाद, भ्रमणध्वनीवरील एक उपयोजन आणि दूरध्वनीवरून चालणारी एक माहितीव्यवस्था अशा चार मार्गांनी सामग्री गोळा करण्यात आली. बारा हजारांहून थोडे कमी अनुवादित शब्द व वाक्ये मिळाली, आणि पुढील अनुवादकार्यात ज्यांचे साहाय्य मागता येईल अशा ६५० हून अधिक व्यक्ती हाती आल्या, असा त्याचा निष्कर्ष आहे. उपक्रम सद्हेतूने केलेला होता ह्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. गोंडी वाचकाच्या हाती त्यातून पुस्तके आली, हीही लहान गोष्ट नव्हे. तथापि 'साहाय्य' हा शब्द तपासून पाहण्यासारखा आहे. साहाय्य करणारा माणूस स्वतःच्या इच्छेने करतो. त्याच्या साहाय्याला वेळापत्रक नसते, दर नसतो, आणि त्याने केलेले काम नाकारले गेले तर त्याला दाद मागण्याचे स्थान नसते. ६५० माणसांची गणना निष्कर्षात होते ती मिळालेल्या सामग्रीबरोबर, तिच्याच ओळीत.

सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय जनजाती कार्य मंत्रालयाने 'आदि वाणी' ह्या अनुवादयंत्राची प्रायोगिक आवृत्ती प्रसिद्ध केली. संथाली, भिली, मुंडारी आणि गोंडी ह्या चार भाषांनी तिचा आरंभ झाला. दिल्लीच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या नेतृत्वाखाली अनेक तंत्रसंस्था आणि झारखंड, ओडिशा, मध्य प्रदेश, छत्तीसगड व मेघालय येथील आदिवासी संशोधन संस्था तिच्यात सहभागी आहेत. गोंडीची बाजू छत्तीसगडने सांभाळली आहे. महाराष्ट्राचे नाव त्या यादीत नाही. कचारगड ज्या डोंगररांगेत आहे तेथून छत्तीसगडची सीमा हाकेच्या अंतरावर असली, तरी बोलीची सीमा आणि राज्याची सीमा एक नसते, आणि यंत्राने शिकलेली गोंडी ही कोणाची तरी विशिष्ट गोंडी असते.

ह्या पार्श्वभूमीवर नियमनाचे लेख वाचावयास घेतले, तर पहिली गोष्ट नजरेत भरते ती अशी की, त्यांत यंत्र बनविणारा आहे, यंत्र वापरणारा आहे आणि ज्याच्यावर यंत्राचा परिणाम होतो तोही आहे. यंत्राला शिकविणारा मात्र कोठेच नाही. युरोपीय संघाच्या २०२४ सालच्या कायद्याने नोकरभरती व कामगारांचे व्यवस्थापन ह्यांसाठी वापरली जाणारी यंत्रणा उच्च जोखमीची ठरविली. ही तरतूद स्वागतार्ह आहे. पण ती यंत्राच्या नजरेखाली आलेल्या कामगाराची आहे, यंत्राला नजर देणाऱ्याची नाही. भारत सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत सात 'सूत्रे' सांगितली आहेत, आणि त्यांतील एकाचा आशय निर्बंधापेक्षा नवनिर्मितीला अग्रक्रम द्यावा असा आहे. सूत्र ह्या शब्दाची परंपरा ज्यांना ठाऊक आहे त्यांना येथे थोडे थांबावेसे वाटेल. पाणिनीच्या परंपरेत सूत्र अल्पाक्षर असते खरे, पण ते असंदिग्धही असावे लागते, आणि त्याला अपवाद सांगणारे दुसरे सूत्र मागोमाग येते. येथे उत्सर्ग तेवढा आहे. अपवाद सांगण्याचे काम पुढे कोणीतरी करावे, अशी अपेक्षा दिसते.

२०२३ सालच्या वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाकडून काही आशा बाळगावी, तर तोही भलत्याच दिशेने पाहतो. त्याच्या दृष्टीने आवाज ही व्यक्तीविषयीची माहिती आहे. ती संमतीने घ्यावी आणि संमती काढून घेता यावी. परंतु गोंडी वाक्य ध्वनिमुद्रित करणारी स्त्री स्वतःविषयी काही सांगत नसते. ती काम करीत असते. शिवाय यंत्र एकदा त्या आवाजावर शिकून झाले, म्हणजे संमती काढून घेण्याचा अर्थ कणीक मळून झाल्यावर मीठ परत मागण्याइतकाच उरतो.

मुख्य प्रश्न अर्थातच कामगार-कायद्याचा आहे. सामाजिक सुरक्षा संहिता २०२० साली संमत झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आली. तिने 'गिग कामगार' आणि 'प्लॅटफॉर्म कामगार' ह्या संज्ञांना प्रथमच वैधानिक स्थान दिले, आणि 'ॲग्रिगेटर' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मध्यस्थांवर वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के अंशदानाचा भार ठेवला. हे अंशदान कामगारांना दिलेल्या वा देय असलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांहून अधिक असू नये अशी मर्यादाही घातली. ह्या दोन्ही संज्ञांची व्याख्या मात्र नकारात्मक आहे. पारंपरिक मालक-नोकर संबंधाच्या बाहेर जो काम करतो तो, असे संहिता सांगते. त्याला बाहेर कोणी ठेवले, ह्याविषयी व्याख्या मौन पाळते. 'पारंपरिक' हे विशेषणही कोणत्या परंपरेतून आले हे विचारावयास हवे. भोंगा, हजेरीपट आणि पगाराचा दिवस ही गिरणीची परंपरा झाली. गोंदिया-भंडाऱ्याच्या बाजूला श्रमाची परंपरा तेंदूपानांच्या पुड्यांवर आणि हजार विड्यांच्या दरावर चालत आली आहे. तेथे 'बाहेर' असणे हीच परंपरा होती. संहितेने दिलेले संरक्षणही निधी व कल्याणयोजना ह्यांपुरतेच आहे. कामाचा दर काय असावा आणि केलेले काम नाकारले गेले तर काय व्हावे, ह्यांविषयी ह्या कामगाराला तिच्यात काहीही मिळत नाही.

येथेच विडीच्या धंद्याचा इतिहास उपयोगी पडतो, आणि तो थोडा विस्ताराने पाहणे अवश्य आहे. विडी वळणारा कामगार, बहुधा स्त्री, घरी बसून काम करी. पान, तंबाखू व सूत सट्टेदाराकडून मिळे. वळलेल्या विड्या परत नेल्या की तपासणी होई, आणि ज्या पसंत पडत नसत त्या 'छाट' म्हणून बाजूला काढल्या जात. छाटीची मजुरी नसे. छाट किती निघावी हे तपासणाऱ्याच्या मर्जीवर होते, आणि छाट म्हणून बाजूला पडलेली विडी फेकूनच दिली जाईल ह्याची हमी कोणी देत नव्हते. मालक म्हणे, ही बाई घरी काम करते, केव्हाही करते, कोणाच्याही मदतीने करते. ती आमची नोकर कशी? १९५८ साली चिंतामणराव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सागरच्या एका विडी-कारखान्यातील सट्टेदारांना स्वतंत्र कंत्राटदार ठरविले. कारखाना अधिनियमाच्या अर्थाने ते कामगार ठरले नाहीत. १९६१ साली नागपूरच्या बिरधीचंद शर्मा खटल्यात मात्र सूर बदललेला दिसतो. तेथील कामगार कारखान्यात येऊन विड्या वळीत, मजुरी नगावर असे, वेळेचे बंधन सैल होते. तरीही ते कामगारच, असा निर्णय झाला. आणि दर्जाला न उतरणारी विडी नाकारण्याचा मालकाचा अधिकार ही देखरेखीची एक खूण मानली गेली. पुढे १९६६ साली विडी व सिगार कामगार अधिनियम आला. त्याने घरी काम करणाऱ्यालाही कामगार म्हटले, आणि नाकारलेल्या विड्यांवरून होणारे तंटे सोडविण्याची सोय केली. त्याखालील महाराष्ट्राच्या नियमांनी छाटीच्या प्रमाणास मर्यादा घातली, आणि कामगाराने जाणूनबुजून हयगय केली नसेल तर नाकारलेल्या विडीचीही काही मजुरी द्यावी असे ठरविले. 'छाट' हा बाजारातला शब्द इंग्रजी नियमांच्या पाठात जसाच्या तसा गेला. कायद्याच्या भाषेत बोलीतील एक शब्द अशा रीतीने वर चढल्याची उदाहरणे फार नाहीत. १९७४ साली मंगलोर गणेश विडी वर्क्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा अधिनियम वैध ठरविला. त्याच्या काही महिने आधी, हैदराबादच्या एका शिवणकामाच्या दुकानासंबंधीच्या खटल्यात, तयार माल नाकारून पुन्हा शिवावयास लावण्याचा अधिकार हे नियंत्रणाचेच लक्षण आहे, असेही त्याने म्हटले होते.

ह्या निर्णयांचे मर्म असे की, कामगार कोण हे कामाच्या जागेवरून वा वेळेवरून ठरविण्याची सक्ती न्यायालयाने मानली नाही. नाकारण्याचा अधिकार कोणाच्या हाती आहे, हे त्याने पाहिले. १९६६ चा अधिनियम २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षेच्या नव्या संहितेत विलीन झाला आहे. विड्यांचा धंदाही पूर्वीचा राहिलेला नाही. पण ही कसोटी त्यामुळे निकामी होत नाही.

ती भाषासामग्रीच्या कामाला लावून पाहावी. वाक्य पडद्यावर येते. बोलणारा ते वाचतो वा अनुवादितो. दुसरा कोणी, किंवा दुसरे एखादे यंत्र, ते तपासते. स्वीकारले तर मोबदला जमा होतो, नाकारले तर होत नाही. घर, वेळ आणि साधन बोलणाऱ्याचे. कच्चा माल आणि कसोटी दुसऱ्याची. विडीच्या सट्ट्याशी हे साम्य इतके जवळचे आहे की, नव्या संज्ञा घडविणाऱ्यांना ते कसे दिसले नाही ह्याचे आश्चर्य वाटते. एक भेद मात्र आहे, आणि तो बोलणाऱ्याच्या विरुद्ध जातो. विडीची लांबी मोजता येते, तंबाखू तोलता येतो. गोंडी वाक्याची लांबी-रुंदी कशाने मोजणार? ज्या भाषेला आठव्या अनुसूचीत स्थान नाही, जिचे सुमारे ३० लक्ष भाषक २०११ च्या जनगणनेनुसार अनेक राज्यांत विखुरलेले आहेत, जिच्यासाठी मुनशी मंगलसिंग मसराम यांची १९१८ ची लिपी, गुंजाला लिपी आणि देवनागरी अशा एकाहून अधिक लिप्या वापरात आहेत, तिच्यातील चूक कोणती हे ठरविणारा माणूस दोन निर्णय एकदम घेतो. एक मजुरीचा, दुसरा भाषेचा. तपासणारा 'होवर' म्हणणाऱ्या प्रदेशातला असेल तर 'सोवर' म्हणणाऱ्याचे उच्चारण त्याला सदोष वाटू शकते, आणि तेही प्रामाणिकपणे. असे हजार नकार एकत्र झाले की यंत्राला एक बोली गोंडी म्हणून ठाऊक होते आणि दुसरी अशुद्ध म्हणून गळते. प्रमाणीकरणासाठी परिषदा भरतात, वाद होतात, ठराव होतात. छाट ठराव न करताच ते काम करून जाते.

अल्प उत्पन्नाच्या लोकांची सामग्री मुळातच निकृष्ट असते, म्हणून कठोर तपासणी हवी, असा एक समज ह्या क्षेत्रात आहे. मराठीपुरती त्याची परीक्षा झालेली आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ग्रामीण व शहरी अल्प उत्पन्न गट आणि विद्यापीठातील विद्यार्थी अशा ३६ व्यक्तींकडून १०९ तासांचे मराठी ध्वनिमुद्रण घेण्यात आले, आणि पहिल्या दोन गटांची सामग्री विद्यार्थ्यांच्या सामग्रीच्या तोडीची आढळली. ३६ ही संख्या लहान आहे आणि मराठीला शतकभराच्या प्रमाणभाषेचा आधार आहे, हे खरे. तरी समजाला पुरावा हवा असेल तर तो उलट बाजूने उभा आहे. ह्याच प्रयत्नांतून वाढलेल्या बंगळूरच्या 'कार्य' ह्या संस्थेने सामग्री पुन्हा विकली गेल्यास बोलणाऱ्यालाही हिस्सा देण्याचे धोरण स्वीकारले. परधानाच्या दानाशी ह्या कल्पनेचे दूरचे नाते आहे. पण एका संस्थेचे धोरण म्हणजे कामगाराचा हक्क नव्हे. धोरण बदलता येते.

ह्या विवेचनावर एक आक्षेप गंभीरपणे घ्यावयास हवा. गोंडीसाठी काम करणारे अनेकजण भाषाप्रेमाने करतात; त्यांना कामगार ठरवून नोंदवह्या आणि अंशदाने मागे लावली, तर लहान भाषांचे उपक्रम बंद पडतील आणि मोठ्या भाषा तेवढ्या यंत्रात शिरतील. आक्षेपात तथ्य आहे. परंतु नाकारण्याच्या अधिकाराची कसोटी ह्या दोहोंत भेद करू शकते, हाच तिचा गुण आहे. कचारगडला जमलेल्या मंडळींनी स्वतःचा शब्दकोश करावयाचे ठरविले, तर कोणता शब्द घ्यावा ह्यावर ते आपसांत भांडतील. तेथे मजुरी नाही आणि छाटही नाही. जेथे नमुना नाकारल्याने मोबदला बुडतो आणि नाकारणारा बोलणाऱ्यांच्या समुदायाला उत्तर देण्यास बांधलेला नसतो, तेथे 'साहाय्य' हा शब्द उरत नाही. मोबदल्याला 'मानधन' म्हटल्यानेही फरक पडू नये. अंगणवाडी सेविकांच्या खटल्यात २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने मानधन हे उपदान अधिनियमाच्या अर्थाने वेतनच होय असे सांगून त्या शब्दाचे आवरण दूर केले आहे.

मालक एक नाही, कामगार आज ह्याच्याकडे तर उद्या त्याच्याकडे. अशा श्रमाचे नियमन करता येत नाही, हे म्हणणे महाराष्ट्रात तरी टिकण्यासारखे नाही. १९६९ च्या माथाडी अधिनियमाने नेमके हेच केले. हमालाचा मालक कोण ह्या वादात न पडता त्याने मंडळे स्थापिली. मालक व कामगार दोघांचीही नोंदणी केली. मजुरी व तिच्यावरील आकार मंडळाकडे जमा करावयास लावले. आणि मंडळावर मालक, कामगार व शासन तिघांचे प्रतिनिधी बसविले. राजस्थानने २०२३ साली आणि कर्नाटकाने २०२५ साली प्लॅटफॉर्म-कामगारांसाठी केलेल्या कायद्यांत मंडळाची ही कल्पना पुन्हा दिसते. कर्नाटकाने तर यंत्रामार्फत घेतल्या जाणाऱ्या निर्णयांची माहिती कामगाराला द्यावी असेही म्हटले आहे. महाराष्ट्राने भाषासामग्रीच्या कामासाठी असे मंडळ केलेच, तर त्यात चौथा प्रतिनिधी लागेल, आणि तो त्या त्या बोलीचा असावा लागेल. कारण पोते उचलले की नाही ह्यावर हमाल व व्यापारी ह्यांचा मतभेद होत नाही, वाक्य गोंडी आहे की नाही ह्यावर होतो.

महाराष्ट्रातील गोंडीची सामग्री मोठ्या प्रमाणावर गोळा करण्याचे काम उद्या निघाले, तर ते पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेकडे वा एखाद्या विद्यापीठ विभागाकडे येण्याचा संभव आहे. त्या वेळी करारपत्राचा मसुदा बहुधा भाषाशास्त्राच्या प्राध्यापकांपुढेच येईल. नमुना कोणी नाकारला, त्याची बोली कोणती, नाकारण्याचे कारण कोणते आणि नाकारलेल्या नमुन्याबद्दल काय दिले गेले, हे चार रकाने त्यात असतील की नाही हे ठरविण्यासाठी संसदेच्या अधिवेशनाची वाट पाहावी लागणार नाही. नाकारलेले नमुने पुसून न टाकता निराळे जतन करण्याची अटही तेथेच घालता येईल. सालेकशाच्या एखाद्या बाईचे 'सोवर' छाटीत पडले, तर ते तेथे सापडले तरी पाहिजे.